पाटावरची पिन

ये, अशी जवळ ये. आणखी. कान हातात येईल इतकी जवळ. भंगारातली, कधीकाळची बंद पडलेली फटफटी विकत घेतलीस, तीन महिने ती पुण्यात तुझ्या खोलीखाली उभी आहे, चाकं एकीकडं आणि इंजिन एकीकडं, आणि हे मला कुणी सांगावं? दूधवाल्यानं. त्याच्या भाच्यानं तुझा फोटो पाहिला म्हणे. आजीला सांगायला तुझं तोंड कुठं गेलं होतं? आजी ओरडेल म्हणून घाबरलीस होय? ओरडणारच आहे. पण आधी हे पत्र घेऊन बस. मला तुला एका बाईंचं सांगायचं आहे. बोलताना माझं भलतीकडंच जातं, म्हणून लिहून काढलंय. लिहितानाही जातंच, पण कागदावर निदान मागं वळून रस्त्याला येता येतं.

आमच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. कुंडलच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना, त्यात त्या नर्स आणि मी आया. दुष्काळ नुकता सरला होता तेव्हाची गोष्ट. तुझे आजोबा जाऊन तीन वर्षं झाली होती. तुझी आई चार वर्षांची होती आणि दवाखान्याच्या ओसरीवर रिकाम्या खोक्यांशी खेळायची. तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. हे एवढं ध्यानात ठेव, कारण पुढं मी जे काही वेड्यासारखं केलं ते त्यापायी केलं.

बाई वाईच्या. घाटावरच्या घरात वाढलेल्या, बोलणं स्वच्छ, लुगडं पांढरं, पदर कमरेला करकचून खोचलेला, डोक्याला मफलर आणि पायात कॅनव्हासचे बूट. वय चाळिशीचं. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायच्या, "वेळ झाला नाही." जणू काही दळण आणायचं राहिलं होतं.

सगळ्यात विचित्र सवय म्हणजे भीती मोजायची. आपण ताप मोजतो तशी. सकाळी आल्या आल्या खुर्चीत बसून म्हणायच्या, "आज माझी भीती नव्व्याण्णव आहे. तुझी?" मी म्हणायचे, "मला कसली भीती, बाई?" मग चष्म्यावरून बघायच्या. "खोटं बोलू नकोस. घाबरायचं तर मोजून घाबरावं. न मोजलेली भीती वाढत जाते." वरच्या वस्तीतल्या पहिलटकरणीचे दिवस भरले की बाईंची भीती शंभराच्या वर जायची आणि त्या ती सगळ्यांदेखत सांगायच्या. पेशंटलासुद्धा. "मी घाबरले आहे, पण माझे हात घाबरलेले नाहीत, ते बघ." आणि हात पुढं करून दाखवायच्या. खरंच, हात कधी हलायचे नाहीत.

त्यांना फटफटी का पाहिजे होती ते सांगते. आदल्या साली डोंगरामागच्या वस्तीवरनं बोलावणं आलं होतं. सरकारी जीप लांबच्या गावाला गेलेली. बाईंची सायकल बाभळीच्या काट्यानं निम्म्या वाटेत बसली. चालत पोचल्या तेव्हा त्या घरात बायका रडत होत्या. बाई आत गेल्या, बघितलं, बाहेर आल्या आणि चालत परत आल्या. दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "चल, एक यंत्र बघायचंय."

यंत्र होतं एका मयत सुभेदाराच्या गोठ्यात. इंग्रजांच्या फौजेतली जुनी फटफटी, लढाईनंतर लिलावात घेतलेली. गंजून लाल झालेली, सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली, टाकीत उंदराचं बीळ. सुभेदाराची म्हातारी आई दारात उभी राहून म्हणाली, "फुकट न्या, बाई, पर दारात नगा ठिवू. माज्या ल्योकाचा पाय हिनंच खाल्ला. तवापास्नं कोन हात लावत न्हाई." मी बाईंचा पदर ओढला. बाई म्हणाल्या, "आजी, पाय खाल्ला म्हणजे नेमकं काय झालं? चाक घसरलं, का साखळी तुटली?"  म्हातारीनं गोठ्याचा आगळ काढून दिला. फुकट नको म्हणून बाईंनी भंगाराचा भाव दिला, आणि फटफटी आमच्या ओसरीवर आली.

मला गाड्यांची केवढी भीती! तुझे आजोबा फौजेत ड्रायव्हर होते. तिकडं वर डोंगरात त्यांचा ट्रक दरीत गेला. तेव्हापासून एस्टीतसुद्धा मी डोळे मिटून बसायचे. आणि आता रोज सकाळी दवाखान्याचं दार उघडलं की समोर ती, दिवा फुटलेली, एका फुटक्या डोळ्यानं बघतेय.

बाईंनी तिचा केसपेपर काढला. हसू नकोस, खरंच काढला. रुग्ण: फटफटी. वय: तीस. तक्रार: श्वास घेत नाही, चाल नाही. मला तेव्हा जेमतेम अक्षरं जुळवता यायची, म्हणून तो मलाच मोठ्यानं वाचायला लावायच्या. सुटा केलेला एकेक भाग इनॅमलच्या ट्रेमध्ये रॉकेलनं धुवायचा, गॉजच्या तुकड्यावर मांडायचा. बारके स्क्रू पेनिसिलीनच्या रिकाम्या बाटल्यांत, वर चिकटपट्टी, त्यावर नाव. गावातला ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री मदतीला यायचा. विहिरीवरची इंजिनं सोडून त्याला दुसरं काही ठाऊक नव्हतं, पण कान पक्का. इंजिनाला कान लावून म्हणायचा, "बाईसाब, हिच्या छातीत कफ हाय." बाई खूश व्हायच्या. मिस्त्रीही तिला घाबरायचा. रोज काम सुरू करायच्या आधी हँडलला लिंबू-मिरची बांधायचा. बाई रोज ती मिरची सोडून भाजीत टाकायच्या.

वर्ष लागलं. एके दिवशी ती धुराचा लोट टाकत बोलली. धडधड धडधड. शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं. तुझी आई टाळ्या वाजवायला लागली आणि मी मात्र तिला उचलून आतल्या खोलीत पळाले. बाईंनी केसपेपरवर लिहिलं: श्वास सुरू. मग हाक मारली, "बाहेर ये. किती आहे?"

"एकशे चार," मी आतनं म्हटलं.

"बरोबर. माझी एकशे दोन. बस मागे."

बसावंच लागलं. बाळंतपणाला दोघी लागायच्या. पोर शेजारणीकडं, पोटाशी बॅग, हात बाईंच्या कमरेला, आणि तोंडानं एकच, देवा, माझ्या पोरीला पोरकी करू नको. दोन-तीन महिने असे गेले. सवय झाली म्हणतात तशी मला झाली नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, मलाही नाही.

आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं, औजारं पाटावर मांडतात ते तू बघितलंयस. हळदी-कुंकू, झेंडूची फुलं. दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही, हेही तुला ठाऊक आहे. पण मी त्या दिवशी पूजेच्या खोलीत पाय का ठेवत नाही, ते तुला ठाऊक नाही. तुझ्या आईलाही नाही.

माझं सासर खंडाळ्याकडचं. तुझे आजोबा गेले त्या साली सासऱ्यांनी फाळ, कोयता, खुरपी, विळा असं सगळं पाटावर मांडलं आणि पाव्हण्यांकडं गेले. दुपारी म्हैस हंबरायला लागली. वैरण संपलेली, दुसरा विळा घरात नव्हता. मी पाटावरचा उचलला. पेंढीभर वैरण कापली, विळा पुसला आणि होता तसा फुलात ठेवून दिला. सासूबाईंनी ते बघितलं. अकराव्या दिवशी तार आली. तार वाचून दाखवली तेव्हा त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "इळ्यानं वैरण न्हाई कापलीस. माजा ल्योक कापलास."

मी वाद घातला नाही. मला ते खरंच वाटलं. पोरीला घेऊन इकडं माहेरच्या मुलखात आले, आयाची नोकरी धरली, आणि तीन वर्षं मनात एकच, की मी मारला.

तर त्या खंडेनवमीला बाई सकाळपासून शाळेत पोरांना टोचायला गेल्या होत्या. मिस्त्री आला, फटफटीला हार घातला, पुढं पाट मांडला, आपले पाने, हातोडी सगळं मांडलं. बाईंनी कात्री-चिमटे मात्र आदल्या दिवशीच बजावून ठेवले होते, "त्यांना फूल लावायचं नाही. बाळंतपण दसऱ्याची वाट बघत नाही." मग मिस्त्री वाकून फटफटीच्या खालनं काहीतरी काढायला लागला. मागच्या ब्रेकच्या पेडलाला दांडी जोडलेली असते, तिथली पिन झिजली होती. त्यानं कराडहून नवी घडवून आणली होती.

"आक्का, ही नवी हाय. आज पूजेला लागू दे. उद्या दसऱ्याच्या मुहूर्ताला बसवतो."

"आणि जुनी?"

"ती गेली की मोडीत. दांडी सुतळीनं बांधलीया. आज कोन काढतंय गाडी? बाईस्नी तेवढं सांगा."

तो गेला. बाई दुपारी आल्या. मी सांगितलं नाही. का, तर सांगितलं की त्या पाटाकडं जाणार, पिन उचलणार आणि बसवणार, हे मला पुरतं माहीत होतं. माझ्या समोर, माझी पोर शेजारी खेळत असताना. म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे. उद्या सांगू.

चार वाजले असतील. डोंगरामागच्या वस्तीवरचा एक म्हातारा सायकल टाकून ओसरीवर आला. तोंडाला फेस. "आवं बाई, चला! सुनंला पोरगं झालं, पर वार पडंना. रगात लय चाललंय, थांबंना."

तीच वस्ती. बाईंनी बॅग घेतली, हार उतरवून खुंटीला लावला आणि लाथ मारली. धडधड सुरू. "चल!"

मी पाटाकडं बघितलं. झेंडूच्या दोन फुलांच्या मधे ती पिन, बोटाएवढी, हळदीनं पिवळी. हात एवढा पुढं केला की झालं. तुझी आई तिथंच खोक्यावर बसून मला बघत होती. मला तिच्या जागी तार दिसली. खरं सांगते, हात वर उचललाच गेला नाही. आणि बोलायचं म्हटलं तर तोंड उघडेना, कारण बोलले की बाई उचलतील, आणि उचलायला लावलं ते मीच. मग मी काय केलं? गप्प जाऊन मागे बसले. म्हटलं, मेले तर मी मरेन, पोर तर राहील. पोरगी पोरकी होईल हे त्या क्षणी सुचलंच नाही बघ. आणि बाई मरतील हेही नाही. भीतीनं माणूस एवढं आंधळं होतं.

पहिला दीड मैल चढ. खिंडीपर्यंत ब्रेकचं काम पडत नाही. त्या दीड मैलात मी काय काय नवस बोलले! खिंडीजवळ बाई वळून ओरडल्या, "किती आहे?" मला आकडा सांगता आला नाही. "बोल ना!" मी त्यांच्या पाठीला डोकं लावलं. त्यांना वाटलं, नेहमीचंच.

खिंड ओलांडली आणि उतार लागला. खाली ओढा, ओढ्यावर फरशी, अलीकडं उजव्या हाताला तोडायला आलेला ऊस. बाईंनी पाय दाबला. पुन्हा दाबला. हाताचा ब्रेक नावालाच होता. वारा कानात इतका भरला की इंजिनही ऐकू येईना. बाई एकदाच म्हणाल्या, "अरे बापरे," अगदी हळू, जसं कुणी वाटीतलं ताक सांडल्यावर म्हणतं. मग त्यांनी हँडल उजवीकडं घातलं आणि आम्ही उसात शिरलो. पाचटानं तोंड सोलून निघालं. कांडी मोडण्याचा आवाज, मग काहीच नाही.

मी बांधाच्या मातीत पडले होते. बाई उसातून उभ्या राहिल्या. मफलर नाही, गालावर रक्त, बॅग मात्र उचलून छातीशी धरलेली.

"ब्रेक कुठाय?"

"पाटावर."

"कुठल्या पाटावर?"

"पूजेच्या. पिन काढलीय मिस्त्रीनं. उद्या बसवणार हुता."

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"निघताना?"

"व्हय."

मला वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "माहीत असून मागे बसलीस?" मग एकदम भानावर आल्या. "नंतर बोलू. पळ!"

राहिलेली वाट आम्ही पळालो. मी लंगडत, त्या पुढं. मला वाटत होतं, यावेळी पण बायका रडत असणार, आणि यावेळी ते माझ्यामुळं. दारात त्या बाळंतिणीची सासू उभी होती. रडत नव्हती. "आवं जित्ती हाय अजून, लवकर या," म्हणाली.

आतलं सगळं सांगत नाही. पोरगी पांढरीफटक पडली होती, एकोणीस-वीस वर्षांची. बाईंनी सुई दिली, बाळ अंगावर लावलं, पोटावर हात धरला आणि मला म्हणाल्या, "हात बघ माझे." हलत नव्हते. कितीतरी वेळानं वार पडली. रक्त थांबलं. त्या पोरीनं पाणी मागितलं तेव्हा बाई भिंतीला टेकल्या आणि आता त्यांचे हात थरथरायला लागले. पहिल्यांदाच बघितलं मी.

परत येताना फटफटी बैलगाडीला मागं बांधली होती. आम्ही दोघी शेजारून चालत होतो. मी विळ्याचं सगळं सांगितलं. म्हैस, तार, सासू.  मला वाटलं होतं, शिकलेल्या आहेत, हसतील, नाहीतर समजूत घालतील. तसलं काही नाही.

दवाखान्यात आलो तेव्हा रात्र झाली होती, शेजारणीनं ओसरीवर कंदील लावून ठेवला होता. बाईंनी बूट काढले, पाटापुढं वाकून नमस्कार केला आणि पिन उचलली.

"हे मी केलंय," माझ्याकडं बघून म्हणाल्या. "तू नाही. तू हातही लावलेला नाहीस. माझ्यामागं रडायला कुणी नाही, म्हणून मला परवडतं. अकरा दिवस बघू."

मिस्त्री दसऱ्याला आला, पाट बघितला आणि कपाळ धरलं. "कुनी उचलली?"

"मी."

"आता काय हुयाचं वो, बाईसाब?"

"आता तू सगळे नट आवळायचेस. काय व्हायचं ते नट ढिले राहिल्यानं तरी नको व्हायला."

ते दिवस मी कसे काढले, मला विचारू नकोस. बाई नेहमीसारख्या फिरत होत्या आणि मी त्यांना एकटं सोडेना. बोलावणं नसलं तरी मागे बसायचे. जी मी गाडीला घाबरायचे ती. त्यांनी पाणी प्यायलं तरी मी आधी भांडं बघायचे. ओसरीच्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला तर मी धावत जाऊन दंड धरायचे. त्या मुद्दाम मोठ्यानं दिवस मोजायच्या, "चार झाले. पाच झाले." सहाव्या दिवशी परतीच्या पावसानं आम्हाला रस्त्यात गाठलं. नवव्या दिवशी बाईंना ताप भरला.

दहाव्या दिवशी एकशे तीन. खरा ताप, काचेतला. अकराव्या दिवशी एकशे चार. मी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले होते. मिस्त्री दारात उभा राहून गेला, आत आला नाही. देवाला काय मागावं कळेना. माझं घे असंही म्हणता येईना, माझ्यामागं पोर. बाईंनी डोळे उघडले.

"मला पण वाटायला लागलंय गं," म्हणाल्या.

"काय?"

"तुझं ते विळ्याचं. ऐकलं नसतं तर हा ताप नुसता ताप असता." मग माझा हात धरला. "घाबरले आहे मी. मोजायची नाही आता."

 हात धरून बसले. कधीतरी डोळा लागला असेल.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि खाट रिकामी होती.  ओसरीवर धावले. बाई पायरीवर बसल्या होत्या, केस मोकळे, अंगावर घोंगडी, घामानं ओल्याचिंब. तुझी आई त्यांच्या मांडीवर चढून त्यांच्या चष्म्याशी खेळत होती.

"बारा," बाई म्हणाल्या. "चहा टाक. साखर जास्त."

मी चुलीशी गेले. काटक्या पेटवल्या, आधण ठेवलं, आणि तिथंच खाली बसून रडायला लागले. मोठ्यानं, गळा काढून, तार आल्या दिवशीसुद्धा अशी रडले नव्हते. चहा उतू गेला. बाई आत आल्या नाहीत आणि पोरीलाही येऊ दिलं नाही. तीन वर्षं मी रडत होते ती मी मारला म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा माझा नवरा मेला म्हणून रडले.

बाई पुढं बदलून वाईला गेल्या, फटफटीवरनंच गेल्या. आता त्याही नाहीत.

हे तुझ्या आईला मी कधी सांगितलं नाही. तिच्या आजीनं मला काय म्हटलं आणि मी ते किती वर्षं खरं मानलं, हे पोटच्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं? आता तिनंही पन्नाशी केव्हाच ओलांडली, आणि मला अजून धीर होत नाही. तू हे वाचून तिला फोन करू नकोस. तिला घेऊन ये. तू शेजारी बसलीस की मी सांगेन. यायचं तर लवकर ये, पोरी, या महिन्यातच ये. आणि येताना एस्टीनं या.